ओसरीवरून : लोप झाला, लक्षण राहिलें

गेल्या अंकांतील घेवड्याच्या बियाण्याच्या हकीकतीवर कांहीं वाचकभगिनींचीं पत्रें आलीं. त्यांस मीं वेगळीं उत्तरें धाडलीं आहेत. तो विषय येथें पुन्हा उकरून काढीत नाहीं. या खेपेस वाचकांस ओसरी सोडून माझ्याबरोबर माजघरापलीकडच्या खोलींत यावें लागेल. आमच्या एकत्र कुटुंबाचा एकुलता एक संगणक तेथें आहे. वहिनींचें कुटुंबनिवृत्तिवेतन, विजेचीं बिलें, मुलांचा अभ्यास, धाकट्या भावाचें शेतीचें टांचण आणि माझें हें सदर, सारा संसार त्या एका यंत्रावर चालतो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यापुढें इंग्रजी विद्या घडली नाहीं. पदरीं जें आहे तें वडिलांनीं शिकविलेलें संस्कृत. अशा माणसानें संगणकाविषयीं लिहावें हें धाडसच. परंतु जें घडलें तें व्याकरण शिकलेल्या माणसासच नीट उमगावें असें निघालें, म्हणून लिहितों.

आमचे वडील वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत शिकले. पाणिनीवर त्यांनीं केलेल्या टिपणांच्या अकरा वह्या आमच्या घरीं आहेत. कागद पिवळा पडला आहे व कडा हात लावतांच झडतात. थोरल्या बंधूंनीं हयातींत एक चांगला स्कॅनर घेऊन ठेवला होता. निवृत्त झाल्यावर वह्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं असा त्यांचा बेत होता. तो बेत त्यांच्याबरोबरच गेला. तीन वर्षांपूर्वीं त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, इंजिनियरिंगची परीक्षा देऊन घरीं आला आणि त्यानें तें काम हातीं घेतलें. अडचण एवढीच निघाली कीं घरांतील नव्या संगणकास तो जुना स्कॅनर ओळखूं येईना. करणाऱ्या कंपनीनें नव्या विंडोजसाठीं त्याचा ड्रायव्हर काढलाच नव्हता. मी म्हटलें, "अरे, दुसरा घेऊं." तो म्हणाला, "अण्णा, बाबांचा आहे. मी ड्रायव्हर लिहितों." यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

ड्रायव्हर म्हणजे काय हें त्यानेंच मला समजावून सांगितलें. संगणकास स्कॅनरची भाषा येत नाहीं आणि स्कॅनरला संगणकाची. मधें एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. मात्र हा दुभाषा दरबाराच्या पायरीवर उभा राहणारा नव्हे. कित्येक ड्रायव्हर यंत्राच्या थेट गाभाऱ्यांत वावरतात. इंग्रजींत त्या जागेस कर्नेल म्हणतात. सभामंडपांत कोणी ठेंच लागून पडला तर उत्सव थांबत नाहीं. गाभाऱ्यांत पडला तर समई कलंडते. १९ जुलै २०२४ रोजीं जगानें हें पाहिलें. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा गाभाऱ्यांत वावरणारा भाग एका सदोष दुरुस्तीमुळें अडखळला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक एकदम निळे पडले. आपल्याकडील कांहीं विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांस हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. जो दुभाषा नव्हे तर राखणदार म्हणून आंत घेतला होता, त्याच्या हातून हें झालें.

म्हणूनच गाभाऱ्याच्या दाराशीं सही-शिक्का पाहण्याची रीत पडली. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आली, तेव्हांपासून तिच्या चौसष्ट बिटांच्या आवृत्तींत शिक्क्यावांचून ड्रायव्हर आंत घेत नाहींत. २०१६ पासून तर नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची मोहोर लागते, आणि ती मिळविण्यास आधीं कंपनी म्हणून आपली ओळख पटवावी लागते. शिक्का आहे म्हणून सारें सुरक्षित असेंही नाहीं. २०१० सालीं उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नांवाच्या घातक आज्ञावलीनें तैवानांतील दोन कंपन्यांचे खरे शिक्के चोरून वापरले होते. तरी दारावर कोणी नसण्यापेक्षां फसणारा कां होईना, पहारेकरी असलेला बरा.

आतां कोरेगांवांतील एका घरच्या एका जुन्या स्कॅनरसाठीं ही मोहोर कोण देणार? पण जे ड्रायव्हर घडवितात त्यांना ते पुरे होण्याआधीं तपासून तर पाहावे लागतात. त्यांच्यासाठीं विंडोज ड्रायव्हर किट म्हणून एक साधनसंच असतो. व्हिस्टापूर्वीं त्याचें नांव ड्रायव्हर डेव्हलपमेंट किट असें होतें. हा संच घेतला म्हणजे स्वतःच शिक्का खोदावा, स्वतःच उमटवावा आणि आपल्या यंत्रास सांगावें कीं तूर्त घरगुती शिक्काही मान्य कर. या स्थितीस टेस्ट मोड म्हणतात. पुतण्यानें हें सर्व यथासांग केलें. पुढें काम अडलें तेव्हां त्यानें मित्राचा लॅपटॉप आणून दोन्हीं यंत्रें तारेनें जोडलीं. गाभाऱ्यांत काम करणारा ड्रायव्हर कोसळला कीं यंत्र मूर्च्छित पडतें, मग त्याची नाडी पाहण्यास दुसरें यंत्र हवें. एक वैद्य, एक रोगी. आमचा घरचा संगणक अर्थातच रोगी झाला. पावसाळाभर हें चाललें. अखेर एका रात्रीं अकरा वाजतां त्या जुन्या स्कॅनरचा दिवा हिरवा झाला आणि वडिलांच्या अक्षरांतलें पहिलें पान पडद्यावर उतरलें. वहिनी देवघरांतून उठून आल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. स्कॅनरच्या झांकणावरून मात्र त्यांनीं एकदा हात फिरविला.

सात वह्या झाल्या आणि पुतण्यास पुण्यास नोकरी लागली. चार वह्या राहिल्या.

दोन वर्षें गेलीं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं टेस्ट मोड अशीं इंग्रजी अक्षरें असत. मी शाळामास्तर, टेस्ट म्हणजे परीक्षा हें मला ठाऊक. यंत्र अजून परीक्षेंत आहे, निकाल लागला कीं अक्षरें जातील, अशा समजुतींत मी राहिलों. यंत्र सुरू होतांना घरच्या माणसांच्या नांवांखालीं आणखी एक लांबलचक परकें नांव दिसे, त्याकडेही आमचें लक्ष गेलें नाहीं. वाड्यांत पाहुण्याची सवय असली म्हणजे असें होतें. खरें लक्ष गेलें तें नातवाचें. त्यानें सुटींत कसलासा खेळ संगणकावर चढविला, तर तो खेळ सुरूच होईना. हें यंत्र टेस्ट मोडमध्यें आहे, येथें मी चालणार नाहीं, असें त्या खेळानें कळविलें. नातू रडकुंडीस येऊन मला म्हणाला, "आजोबा, आपला संगणक विश्वासाचा नाहीं म्हणे!" मी आधीं हंसलों आणि मग अस्वस्थ झालों. ज्या यंत्रावर चेंडू उडवावयास एक खेळ तयार नाहीं, त्याच यंत्रावर आम्ही दरमहा वहिनींच्या बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द टाईप करीत होतों.

माझा स्वभाव उतावीळ. कोणास न विचारतां त्याच दुपारीं मीं संगणकाच्या सेटिंगांत जाऊन स्थापित आज्ञावलींची यादी काढली. तींत विंडोज ड्रायव्हर किट असें नांव सांपडलें. अनइन्स्टॉल या शब्दावर बोट ठेवलें, होय म्हटलें आणि वीस मिनिटांनीं तें नांव यादींतून नाहींसें झालें. चहा घेतला. यंत्र बंद करून पुन्हा लावलें. कोपऱ्यांत तींच अक्षरें, जशींच्या तशीं!

मी त्या अक्षरांकडे पाहत बसलों असतां मला वडिलांची सहावी वही आठवली. विषय लोप. पाणिनीनें लोपाची व्याख्या फार जपून केली आहे. नाहींसें होणें म्हणजे नष्ट होणें, असें तो म्हणत नाहीं. नुसतें न दिसणें, एवढेंच म्हणतो. आणि लगेच पुढें सांगतो कीं प्रत्ययाचा लोप झाला तरी प्रत्ययामुळें होणारें कार्य होतेंच. पाठशाळेंतील विद्यार्थ्यांस याचें ठरलेलें उदाहरण म्हणजे 'अग्निचित्' हा शब्द. 'चि' धातूस क्विप् प्रत्यय लागला. तो प्रत्यय पुरता गेला, त्यांतलें एक अक्षरही उरलें नाहीं. पण त्याच्यामुळें शेवटीं यावयाचा 'त्' आला तो आलाच. शब्द वाचणारास तो 'त्' कोठून आला हें कळणार नाहीं, कारण ज्यानें आणला तो दिसतच नाहीं. आमच्या पडद्यावरचीं अक्षरें हा तोच 'त्'. साधनसंच गेला होता. त्यानें यंत्रास लाविलेलें वळण राहिलें होतें. तसें पाहिलें तर संच केवळ हत्यारांची पेटी. पेटी अडगळींत टाकली म्हणून तिच्यांतील किकऱ्यानें पाडलेलें भोंक बुजत नाहीं.

हा अनुभव मला अगदींच नवा होता असेंही नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ सालीं निघालेल्या संस्थेनें जिस्ट नांवाचें कार्ड प्रचारांत आणलें होतें. संगणकाच्या पोटांत तें बसविलें म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटे. पुढें देवनागरीसाठीं नाना टंक व आज्ञावली निघाल्या, आणि विंडोज २००० पासून ती यंत्राच्या अंगींच आली. तेव्हां जुन्या गोष्टी काढून टाकण्याची सर्वत्र घाई झाली. मी ज्या शाळेंत होतों तेथेंही एका सुटींत मराठी लिहिण्याची जुनी आज्ञावली काढली, आणि जूनमध्यें निकालपत्रकांची दप्तरें उघडलीं तों मुलांच्या नांवांच्या जागीं रोमन अक्षरांचा, कंसांचा व उद्गारचिन्हांचा चिवडा! तीं सर्व नांवें दोघां शिक्षकांनीं हातानें पुन्हा लिहिलीं. त्यांतला एक मी. शहाणपण मात्र त्या वेळीं आलें नाहीं.

रात्रीं पुण्यास फोन केला. पुतण्या प्रथम घाबरला, मग हंसला. "अण्णा, तुम्हीं शेवटची गोष्ट पहिल्यांदा केलीत. आधीं मीं केलेले बदल उलटे करायचे होते, संच मागाहून काढायचा." मग थोडा थांबून म्हणाला, "पण टेस्ट मोड बंद केला कीं माझा ड्रायव्हर चालणार नाहीं. त्याच्यावर माझाच शिक्का आहे ना. स्कॅनर बंद पडेल."

हें मात्र माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. चार वह्या राहिलेल्या; मुलानें पावसाळाभर रात्री जागून केलेलें काम; आणि स्कॅनर कोणाचा, तें वर सांगितलेंच आहे. मी वहिनींस विचारल्यावांचून कांहीं करणार नव्हतों. दुसऱ्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर त्यांस सर्व समजेल तसें सांगितलें. आपल्या हाताशीं असलेल्या एकाच दुभाष्यासाठीं आपण गाभाऱ्याचें दार असें ठेवलें आहे कीं कोणीही घरगुती शिक्का घेऊन आला तरी पहारेकरी त्यास अडविणार नाहीं. दोन वर्षांत कोणी आलें असें दिसत नाहीं. बँकेचें पुस्तक मीं ओळ न् ओळ पाहिलें आहे, पै इकडची तिकडे नाहीं. वहिनी सुपांतला घेवडा निवडीत होत्या. हात न थांबवितां त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांची वस्तू म्हणून घराचें दार का उघडें टाकायचें? यांनाच तें चाललें नसतें. रोज रात्रीं कडी घातली कीं नाहीं तें दोनदां उठून पाहायचे." झालें. निर्णय त्यांनीं दिला.

येत्या रविवारचा मुहूर्त धरला. सौ. म्हणाल्या, "अहो, यंत्र काढायला मुहूर्त?" मुहूर्त पुतण्याच्या सुटीचा होता. तो फोनवर आणि मी यंत्रापुढें, असे साडेतीन तास बसलों. ज्या घरांत कोणा हौशी मुलानें असें कांहीं करून ठेवलें असेल त्यांस उपयोग व्हावा म्हणून क्रम सांगतों. सर्वांत आधीं सात वह्यांचीं छायाचित्रें आणि पुतण्यानें लिहिलेल्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर एका वेगळ्या तबकडीवर उतरून घेतला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्यें स्कॅनरचें नांव गाठून तें काढलें. काढतांना ड्रायव्हरही पुसावा काय असें यंत्र विचारतें, त्या चौकटींत खूण केली. एवढ्यानें भागलें कीं नाहीं हें पाहण्यास पीएनपीयुटिल नांवाची आज्ञा आहे. तिनें भांडारांतील परक्या ड्रायव्हरांची यादी दाखविली. प्रयोगाच्या दिवसांतल्या दोन जुन्या प्रती तींत दडून होत्या. यंत्रानें त्यांस ओईएम आणि पुढें एक आकडा अशीं आपलीं नांवें दिलीं होतीं. दत्तकविधानच म्हणा ना! नांव पालटल्यामुळें मूळ कुळ ओळखूं येत नव्हतें. त्या काढल्या.

नंतर ड्रायव्हर व्हेरिफायर नांवाचा एक कडक परीक्षक रजेवर पाठविला. ड्रायव्हरची चूक पकडण्यासाठीं हा त्याच्या पाठीस लागतो आणि चूक दिसली कीं सारें यंत्रच थांबवितो. पुतण्यानें तो नेमला होता आणि काढावयास विसरला होता. मधून मधून यंत्र मंद होई, केव्हां एकदम निळें पडे, तेव्हां आम्ही दोन वर्षें त्याच्या वयास दोष देत होतों. पुढें बीसीडीएडिट या आज्ञेनें दुसऱ्या यंत्राशीं नाडी जोडणारी डीबगची सोय बंद केली, आणि त्याच आज्ञेनें टेस्टसाइनिंग ऑफ असें लिहिलें. या आज्ञा काळ्या खिडकींत लिहावयाच्या असतात व ती खिडकी प्रशासकाच्या अधिकारानें उघडावी लागते, नाहीं तर यंत्र ऐकत नाहीं. टेस्टसाइनिंग हा शब्द लिहितांना मीं दोनदां चुकलों. तिसऱ्या खेपेस बरोबर लिहिला, पण कळ दाबण्यापूर्वीं थांबलों. फोनवर पुतण्याही गप्प होता. मग म्हणाला, "दाबा अण्णा."

यंत्र पुन्हा सुरू झालें तें निळ्या पडद्यावर, आणि त्यानें अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली मागितली! माझ्या पोटांत धस्स झालें. पुतण्या म्हणाला, "चूक माझी. तबकडीला बिटलॉकरचें कुलूप आहे. सुरू होण्याच्या रीतींत बदल झाला कीं तें कुलूप संशय घेतें. आधीं तें तात्पुरतें स्थगित करायला सांगायचें राहिलें. मीं किल्ली कागदावर छापून घरांत ठेवली आहे." कोठें ठेवली हें त्यास आठवेना. कपाटें झालीं, दप्तरें झालीं, वह्यांचा गठ्ठा झाला. अखेर सौ.नीं ती गेल्या सालच्या पंचांगांतून काढून दिली. जपून ठेवावयाचा कागद या घरांत पंचांगांतच जातो, हें त्यांस ठाऊक होतें आणि मला इतक्या वर्षांत नव्हतें. अठ्ठेचाळीस आंकडे नातवानें मोठ्यानें वाचले व मीं दाबले.

उरलेलें भराभर झालें. यंत्राच्या मूळच्या व्यवस्थेंत जाऊन सिक्युअर बूट पूर्ववत् चालू केलें. टेस्ट मोडसाठीं तें बंद ठेवावें लागतें. या वेळीं कुलूप आधींच स्थगित केलें होतें. प्रमाणपत्रांच्या भांडारांतून पुतण्याचा घरगुती शिक्का काढला. तें लांबलचक परकें नांव म्हणजे डब्ल्यूडीकेरिमोटयूजर नांवाचें खातें, यंत्र रोगी म्हणून नोंदविलें तेव्हां संचानेंच उघडलेलें. तेंही बंद केलें. शेवटीं संचाबरोबर आलेली सामग्री यादींत राहिली होती ती काढली आणि प्रोग्राम लिहिण्याची मोठी आज्ञावलीही घरांत कोणास लागत नाहीं म्हणून निरोप देऊन टाकली.

पाणिनीचें येथें आणखी एक स्मरण होतें, तें सांगून घेतों. प्रत्यय गेला तरी कार्य राहतें असें सांगून तो थांबत नाहीं. लुक्, श्लु, लुप् या विशेष नांवांनीं जो प्रत्यय जातो, त्याचें अंगावरील कार्यही त्याच्याबरोबर जातें, असा अपवाद लागलाच करतो. गर्गाचा वंशज एक असेल तर 'गार्ग्य', आरंभीं दीर्घ आकार. अनेक असले तर 'गर्ग' याचेंच अनेकवचन; प्रत्यय लुक् होऊन गेला आणि जातांना त्यानें आणलेला आकारही घेऊन गेला. मागें कांहीं नाहीं. मला पहिल्या दुपारीं वाटलें होतें कीं अनइन्स्टॉल म्हणजे लुक्. तो साधा लोप होता. लुक् करावयास रविवार लागला.

कोपरा रिकामा झाला. सौ.नीं विचारलें, "तेथें काय होतें हो?" दोन वर्षें त्यांनीं तें रोज पाहिलें होतें.

राहिलेल्या चार वह्यांसाठीं नातीनें मार्ग काढला. सकाळीं जरंडेश्वराच्या डोंगरावर ऊन पडलें कीं पश्चिमेच्या खिडकीशीं मंद, सारखा उजेड असतो. त्या उजेडांत पाटावर वही उघडून ती मोबाइलनें पानें टिपते. आठवी वही झाली. कडांची सावली येते, कांहीं ओळी वांकतात. स्कॅनरची सर नाहीं. वडिलांच्या अक्षरांतील एकही मात्रा मात्र अजून हरवलेली नाहीं.

गणपतींत पुतण्या घरीं आला. आल्याबरोबर त्यानें यंत्र लावून कोपऱ्याकडे पाहिलें आणि मिटवलें. पुण्यास त्याच्या खोलीवर एक जुना संगणक आहे, त्यास तो इंटरनेट जोडीत नाहीं; तेथें टेस्ट मोड ठेवला तरी बिघडणार नाहीं, असें तो म्हणाला. वह्या मात्र घराबाहेर जाणार नाहींत, हें वहिनींनीं आधींच सांगून टाकलें. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं तो एस.टी.नें परत निघाला. स्कॅनर वहिनींनीं जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून दिला होता. वर सामानाच्या फळीवर ठेव म्हणून कंडक्टरनें दोनदां सांगितलें. त्यानें तो मांडीवरच घेतला.